डिस्ट्रेस्ड फिनिश : झिजलेला की झिजवलेला?

प्रश्न : गिरगावच्या चाळीतली खोली सोडताना आजीचं सागवानी कपाट दादरला माझ्याकडे आणलं. त्याला डिस्ट्रेस्ड फिनिश द्यायचंय, म्हणजे रंग नवा, पण वापरून वापरून जुना झाल्यासारखा दिसणारा. रंगारीकाकांना म्हटलं, "जुनं दिसू दे." ते म्हणाले, "जुनंच आहे की! मग मी कशाला आलोय?" कोशात पाहिलं तर दुःखी, पीडित. काय म्हणू त्यांना?

उत्तर : 'झिजवलेला रंग' म्हणा. 'जीर्ण' नको, त्यात मोडकळीला आल्याचा भाव आहे. 'विटका' म्हणजे उन्हाने किंवा धुऊन फिका पडलेला. पोपडे ओलीने सुटतात, मुंबईत दर पावसाळ्यानंतर भिंतींवर दिसतात तसे. टवका उडतो तो मार लागून. झीज मात्र हात फिरून फिरून होते, आणि तुम्हाला नेमकी तीच हवी आहे. 'झिजलेला' म्हणजे आपोआप, 'झिजवलेला' म्हणजे कुणीतरी मुद्दाम. आपण उंबरठे झिजवतो, जोडे झिजवतो. त्या क्रियापदात खटपट आधीपासूनच आहे.

हा शब्द कारागिराला जागाही दाखवतो. झीज कुठे होते? कडीपाशी, दाराच्या उघडत्या कडेला, कोपऱ्यांवर, पायांच्या खालच्या टोकाला. दाराच्या मधोमध कुणाचा हात जात नाही, तिथे घासलं की सोंग लगेच उघडं पडतं. आधी गडद रंगाचा हात द्यायचा, वाळला की या जागांवर मेणबत्ती घासायची, वरून फिका हात. तो वाळल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला की मेणावरचा रंग अलगद सुटतो आणि खालचा डोकावतो.

एक कळकळीने सांगतो. कपाटावर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते बरंच असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. पाणी मारून वॉटरपेपरनेच घासा, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

आणखी एक शंका : आणि क्रॅकल, ते तडे गेलेल्या रंगाचं फिनिश? तेही झिजवलेलंच का?

उत्तर : नाही, ते 'भेगाळ'. जमीन भेगाळते, टाचा भेगाळतात, तसाच हा रंग. रंगाच्या दोन हातांच्या मध्ये फेव्हिकॉलचा थर देतात. तो चिकट असतानाच वरचा पाण्यातला रंग लावला की वाळताना तडकतो. तिथे घासण्याचा संबंधच नाही.

मूळ प्रश्नकर्ता : आज काकांना सांगितलं, "झिजवून द्या, पोपडे नकोत." ते काही बोलले नाहीत. कपाटाची कडी दोन-तीनदा लावली, काढली, आणि जिथे अंगठा टेकला तिथे खडूने खूण केली.