मदत हवी आहे: क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही खेळलेला विल्यम गन, मुलाचा प्रोजेक्ट आणि माझा एक प्रश्न

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, जरा लांबलाय पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

मुलगा आठवीत आहे, पावसाळ्यात फुटबॉल आणि दिवाळीनंतर क्रिकेट असं त्याचं तिसरीपासून चाललंय. गेल्या महिन्यात मामाने त्याला जीएमची बॅट घेऊन दिली. तेव्हापासून रोज संध्याकाळी गॅलरीत नॉकिंग (नवी बॅट ठोकून खेळायला तयार करणं), लाकडी हातोडीने टक टक टक, कडांना हळू आणि मधे जरा जोरात, जवसाच्या तेलाचा वास पार स्वयंपाकघरात येतो. एक दिवस त्यानेच विचारलं, आई, जीएम म्हणजे काय गं? मला काय माहीत. मग दोघांनी बसून शोधलं तर जी म्हणजे गन आणि एम म्हणजे मूर, १८८५ साली नॉटिंगहॅममध्ये विल्यम गनने भागीदारीत सुरू केलेली कंपनी. आणि हा गन इंग्लंडकडून क्रिकेट पण खेळलाय आणि फुटबॉल पण!! पोराचे डोळे असे मोठे झाले. आता शाळेच्या प्रोजेक्टला त्याने हाच विषय घेतलाय.

आत्तापर्यंत जमवलेलं सांगते. जन्म १८५८, नॉटिंगहॅमचाच. उंची सव्वासहा फुटांच्या आसपास. नॉटिंगहॅमशायरकडून १८८० ते १९०४, म्हणजे जवळपास २५ वर्षं काउंटी क्रिकेट (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा, त्यांच्या टीम्सच्या मॅचेस). १८९० मध्ये टीममधल्याच आर्थर श्रुसबरीबरोबर ससेक्सविरुद्ध दुसऱ्या विकेटसाठी ३९८ ची भागीदारी, त्यात गनचे १९६. टेस्ट ११ खेळला, एक शतक, १८९३ ला मँचेस्टरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १०२. फुटबॉलमध्ये नॉट्स काउंटी क्लबचा फॉरवर्ड, बाजूने पळणारा. इंग्लंडकडून दोनच मॅचेस, दोन्ही मार्च १८८४ मधल्या, १५ तारखेला ग्लासगोत स्कॉटलंडविरुद्ध (०-१ हरले) आणि १७ ला रेक्सममध्ये वेल्सविरुद्ध (४-० जिंकले, एक गोल गनचा). मधे एकच दिवस, आणि तो रविवार! म्हणजे तो ट्रेनमध्येच गेला असणार. मुलाला तर हेच सगळ्यात आवडलंय.

आता अडलंय कुठे ते सांगते.

एक, १८८४ मध्ये गन पैसे घेऊन क्रिकेट खेळत होता, व्यावसायिकच होता. इंग्लिश फुटबॉलमध्ये पैसे घेऊन खेळायला परवानगी मिळाली जुलै १८८५ मध्ये. मग त्याच्या आधी तो इंग्लंडच्या फुटबॉल टीममध्ये कसा काय चालला? मुलगा विचारतोय आणि मला सांगता येत नाहीये.

दोन, आणि हा माझा खरा प्रश्न. मुलाच्या कोचिंगमध्ये सांगितलंय की आता एकच खेळ ठेवा, दोन्ही धरलेत तर कुठलाच धड होणार नाही. तो दोन दिवस जेवला नाही नीट. मला त्याला गनची गोष्ट सांगून खोटी आशा पण लावायची नाहीये, पण १३ व्या वर्षी एक खेळ कापून टाकायचा हे पण पटत नाहीये. ज्यांची मुलं दोन खेळ खेळलीयेत त्यांनी प्लीज अनुभव सांगा.

प्रतिसाद १

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बंदी होती ती फुटबॉल खेळण्याचे पैसे घेण्यावर. क्रिकेटचा पगार हा वेगळा धंदा, तो फुटबॉलवाल्यांच्या नियमात मोडत नव्हता.

अजून एक गोष्ट प्रोजेक्टमध्ये नक्की घाला. १८९६ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावरच्या टेस्टच्या आधी इंग्लंडच्या पाच व्यावसायिक खेळाडूंनी मानधन १० पौंडांवरून २० करा म्हणून मागणी केली, गन त्यातला एक. तिघे नंतर मागे फिरले आणि खेळले, गन आणि बोलर जॉर्ज लोमन नाही फिरले. पोटापाण्यासाठी खेळणाऱ्याने टेस्ट सोडणं ही साधी गोष्ट नाही हो, मला तर त्या शतकापेक्षा हे मोठं वाटतं.

प्रतिसाद २

माझी मुलगी सोळाव्या वर्षापर्यंत दोन्ही खेळली म्हणून लिहितोय. गनला जमलं त्याचं मोठं कारण कॅलेंडर. तिकडे क्रिकेट मे ते सप्टेंबरची सुरुवात, फुटबॉल सप्टेंबर ते एप्रिल. नॉट्स काउंटी तर १८८३ पासून ट्रेंट ब्रिजवरच (नॉटिंगहॅमचं क्रिकेट मैदान) फुटबॉल खेळायची, म्हणजे दोन्ही खेळांना मैदान एकच, आणि सीझनच्या टोकाला तारखा भिडल्या की पहिला मान क्रिकेटचा, फुटबॉलने दुसरीकडे जायचं. पण भिडायचंच नाही असं नाही. १८८६-८७ च्या हिवाळ्यात गन ऑस्ट्रेलियाला गेला, तिथे सिडनीला पहिली टेस्ट खेळला (इंग्लंड ४५ ऑल आउट आणि तरी १३ रन्सने जिंकले ती), तर तो फुटबॉलचा अख्खा सीझन गेलाच ना.

आपल्याकडे पण शाळांचं फुटबॉल पावसात आणि क्रिकेट थंडीत. कोचशी भांडू नका, वर्षाचा कागद करा, कुठल्या आठवड्यात काय ते लिहा आणि तो कागद घेऊन भेटा. आम्ही हेच केलं. अडचण फक्त सप्टेंबर-ऑक्टोबरची निघाली, तेव्हा आठवड्यात दोन दिवस पूर्ण सुट्टी ठेवली, पायांना ती लागतेच.

प्रतिसाद ३

आपल्या देशातलं पण उदाहरण द्या की, चुनी गोस्वामी. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल टीमचा कॅप्टन, आणि नंतर रणजीत बंगालचा कॅप्टन, १९७१-७२ च्या फायनलमध्ये मुंबईकडून हरले.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. गोस्वामींचं नाव ऐकलं होतं पण रणजीचं माहीत नव्हतं, मुलाने लगेच वहीत लिहून घेतलं.

कागद केला काल रात्री. जुलै-ऑगस्ट हिरवा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी निळा, आणि मधले सहा आठवडे दोन्ही रंगांचे, तिथेच काय ते भांडण आहे. मी शनिवारी कोचना भेटतेय. आणि त्याने त्याच कागदाच्या मागे १८९९ लिहिलंय, गनची शेवटची टेस्ट, वय ४०, ग्राउंड ट्रेंट ब्रिज. खाली लिहिलंय, "इथेच फुटबॉल पण."

शनिवारी काय झालं ते इथेच कळवते.