सोन्याचं द्रावण जांभळं पडतंय? आधी पाणी बघा

पाण्यात बुडवलेल्या सोन्याच्या पत्र्यावर १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर (अदृश्य अवरक्त झोत देणारा स्फटिकाचा लेसर) मारला की सोन्याचे नॅनोकण पाण्यात सुटतात आणि द्रावण छान लाल येतं, पण तासाभरात जांभळं पडतं, असा एकाचा प्रश्न. सगळे फोकसच्या मागे लागलेत. माझा संशय पाण्यावर.

कणांवरचा ऋण भारच त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. नळाच्या पाण्यातले क्षार तो भार झाकतात आणि कण चिकटतात. स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) घ्या: ५२० नॅनोमीटरच्या आसपासचं शिखर बुटकं होऊन ६०० पलीकडे शेपूट फुटली असेल, तर गुठळ्याच. १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर विद्युतरोधाचं (म्हणजे क्षार जवळपास नसलेलं) ताजं पाणी वापरा. काचेचं भांडं ताज्या अम्लराजाने (तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक; वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्येच!) धुऊन भरपूर खंगाळा. पत्र्यावर पाणी सेंटिमीटरभर पुरे. पत्रा सतत सरकता ठेवा, नाहीतर एकाच जागी खड्डा पडून उत्पादन घसरतं.

५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरवर जायचा मोह टाळा. तो प्रकाश तयार कणच गिळतात, पत्र्यापर्यंत कमी पोचतो.

आणि आपल्या मुंबईचं वेगळंच. जुलैत दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) २४-२५ अंशांपर्यंत जातो. रात्री एसी बंद, चिलर (लेसर थंड ठेवणारं यंत्र) मात्र २० अंशांवर चालू, की सकाळी लेसरच्या डोक्यात दव. त्या ओल्या आरशावर धूळ बसली आणि पल्स मारला, की कोटिंग जळालंच. क्यू-स्विचचा (लेसरचे छोटे, जोरदार पल्स करणाऱ्या भागाचा) केडीपी (पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट) जातीचा क्रिस्टल तर दमटपणाने धुरकट होतो. एसी बंद तर चिलरही बंद. लेसरच्या डोक्यातली ओल शोषणारी निळी सिलिका जेल गुलाबी दिसली की बदला.