मदत हवी आहे: लाच देऊन बसलोय, आता तक्रार कशी करू?

दादरची खोली बाबांच्या पश्चात आईच्या नावावर करायचीय. चार महिने सरकारी कार्यालयात खेटे घालतोय. परवा साहेबांनी कॅल्क्युलेटरवर 15000 टाइप करून माझ्याकडे वळवला, लगेच पुसला. तोंडातून अवाक्षर नाही! आई सोबत होती, दमलेली. 5000 देऊन आलो. चुकलंच.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार. नाइलाजाने दिली असेल तर 7 दिवसांत कळवावं लागतं. म्हणजे माझ्याकडे 5 दिवस उरलेत. 1064 या हेल्पलाइनवर फोन करू की थेट वरळीला एसीबीत (लाचलुचपत प्रतिबंधक विभागात) जाऊ? लाच घेताना रंगेहाथ पकडायच्या सापळ्याच्या नोटा तक्रारदारालाच आणाव्या लागतात का? आणि मुख्य म्हणजे, नंतर फाइल कुजवतात का हो? कुणी स्वतः यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.