प्रति: रिपोर्टसाठी दहा वर्षांचे आकडे कुठून घ्यायचे?

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एका कंपनीचे दहा वर्षांचे आर्थिक आकडे मांडायचेत, त्यासाठी फायनान्स साइटवरचा तयार तक्ता चालेल का, असं वर विचारलंय. कंपनी निवडण्यापुरता चालेल, रिपोर्टमध्ये नको. बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) साइटवर वार्षिक अहवालांच्या पीडीएफ फुकट मिळतात. त्यात स्टँडअलोन (फक्त त्या कंपनीचे) आणि कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून) असे आकड्यांचे दोन संच असतात. उपकंपन्या असतील तर कन्सॉलिडेटेड घ्या, आणि मग सगळी वर्षं तोच. मधेच संच बदलला की गुणोत्तरं उगाच उड्या मारतात आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) नेमकं तेच विचारतात.

रिटेल किंवा विमान कंपनी घेतली असेल तर जास्त जपून, कारण त्यांची दुकानं, विमानं बहुतेकदा भाड्याची असतात. १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हे लीजच्या (भाडेकरारांच्या) हिशेबाचं मानक लागू झालं. लांब मुदतीच्या करारांचं ठरावीक भाडं भाडेखर्चातून निघून घसारा आणि व्याजात गेलं. त्यामुळे २०१९-२० चा एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) धंदा न वाढताही फुगतो, ताळेबंदात लीजचं देणंही चढतं. तक्त्याखाली तशी टीप द्या, नाहीतर ‘कार्यक्षमता सुधारली’ असला भलताच निष्कर्ष निघतो.

नफ्याशेजारी कामकाजातून आलेली रोकड मांडाच. नफा वाढतोय आणि रोकड आटतेय, तर आधी येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) आणि मालाचा साठा बघा. आकडा उतरवतानाच अहवालाचा पान नंबर लिहा. शेवटच्या रात्री तो सापडत नाही.