अनुभव धागा: कास्टिंग डिरेक्टरच्या कार्यशाळेला जाताना

जत्रेतली नाटकं, कला अकादमीची नाट्यस्पर्धा, तियात्र हे कोकणी संगीतनाट्य. गोव्यात रंगमंचावर उभं राहणाऱ्यांना तोटा नाही. कॅमेऱ्यासमोरच्या भूमिका मात्र बहुतेक मुंबईत ठरतात. कास्टिंग डिरेक्टर, म्हणजे भूमिकांसाठी नट शोधणारे, कार्यशाळा घेतात, त्यांत कसं शिरावं, काय विचारावं, पैसे कुठे वाया जातात, हे ठाऊक असलेल्यांनी इथे लिहावं. स्वतःच्या प्रवासापेक्षा कामाची माहिती द्या.

फोंड्याहून
पैसे भरण्याआधी संयोजकाला तीन गोष्टी विचारा. शिकवणार कोण, माणसं किती आणि प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर किती वेळ? हिशेब सोपा आहे. दोन दिवस, रोज 6 तास म्हणजे 720 मिनिटं. त्यातली निम्मी कॅमेऱ्याला दिली तर 20 जणांत प्रत्येकी 18 मिनिटं मिळतात, 60 जणांत फक्त 6. सहा मिनिटांत एक सीन होतो, त्यावरची सूचना ऐकून तो पुन्हा करायला वेळच उरत नाही. आणि तुमच्याकडे बघणाऱ्याला तोच दुसरा टेक हवा असतो: सांगितलेलं ऐकून नट बदलतो का, हे त्यातच दिसतं.

शिकवायला साहाय्यक येणार असेल तर नाक मुरडू नका. रोजच्या ऑडिशन बहुधा तोच घेतो, पहिली चाळणी त्याच्याच हातात असते. फक्त जाहिरातीत एकाचा फोटो आणि वर्गात दुसराच, असं नको.

पणजीहून
कास्टिंगचं मानधन निर्मात्याकडून येतं, नटाकडून नाही. शिकवण्याची फी घेणं रास्त आहे. पण ऑडिशनसाठी, 'कार्ड'साठी, भूमिका पक्की करण्यासाठी कोणी पैसे मागितले, किंवा 'आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा' अशी अट घातली, तर तिथून निघा. 'कामाची हमी' लिहिलेली जाहिरात वाचायचीही गरज नाही. पावती मिळणार का आणि कार्यशाळा रद्द झाली तर फी परत मिळणार का, हे लेखी घ्या, निदान व्हॉट्सॲपवर.

मडगावहून
आपल्या नटांचं घोडं अडतं ते आवाजावर. देवळासमोरच्या मांडवात शेवटच्या माणसापर्यंत पोचवायची सवय असते. कॅमेऱ्यात तोच आवाज, त्याच भुवया अंगावर येतात. जाण्याआधी आठवडाभर हे करा. एकच परिच्छेद फोनवर तीनदा रेकॉर्ड करा: पहिल्यांदा मांडवासाठी, मग टेबलापलीकडच्या माणसासाठी, मग शेजारी कोणी झोपलंय असं समजून. तिन्ही लागोपाठ बघा. तिसऱ्यात आवाज पडतो, पण त्याबरोबर विचारही पडला असेल तर तो टेक फुकट. आवाज खाली आणायचा, हेतू तेवढाच ठेवायचा.

समोरचे संवाद वाचणारा लेन्सला अगदी लागून उभा राहतो. त्याच्याकडे बघायचं, लेन्सकडे नाही. तो लांब उभा असेल तर जवळ यायला सांगा, नाहीतर चेहरा अर्धाच दिसतो. पायाशी टेपची खूण लावा. संवादागणिक डुलायची सवय असली की माणूस फ्रेमबाहेर जातो.

हिंदीत आणि मराठीत आपला कोकणी हेल येतो. तो कायमचा पुसू नका, कधी तोच हवा असतो. मात्र सांगितल्याबरोबर बाजूला ठेवता आला पाहिजे.

डिचोलीहून
इंट्रो व्हिडिओ आधीच तयार ठेवा. नाव, वय, उंची, गाव, येणाऱ्या भाषा, मग डावी-उजवी बाजू. 30 ते 40 सेकंद पुरेत. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, डोक्यापासून छातीपर्यंत फ्रेम, मागे साधी भिंत. उजेड खिडकीचा, पण खिडकी समोर हवी, पाठीमागे नाही. पंखा बंद करा. कोकणी येते हे सांगाच. नुसतं 'हिंदी, इंग्रजी' म्हणून गप्प बसणारे खूप.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. परवानगी मागणारी लिंक कोणी उघडत बसत नाही. फाइलला नाव, वय, उंची, शहर असं नाव द्या. फोटो चार पुरेत: जवळचा, अर्धा, पूर्ण उंचीचा आणि हसरा. फिल्टर नको.

म्हापशाहून
नोव्हेंबरात गोव्यात भरणाऱ्या इफ्फीला, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, प्रतिनिधी म्हणून नोंदणी करून मास्टरक्लास जरूर ऐका. त्याबरोबरच्या फिल्म बाजारची (आता नाव वेव्हज फिल्म बाजार) नोंदणी वेगळी असते आणि तो निर्माते-दिग्दर्शकांचा व्यवहार आहे, तिथे ऑडिशन होत नाहीत. गोव्यात शूटिंगला येणाऱ्या युनिटचे लाइन प्रोड्यूसर, म्हणजे शूटिंगची व्यवस्था आणि खर्च सांभाळणारे, छोट्या भूमिकांना स्थानिक माणसं बघतात, कारण प्रवास आणि राहण्याचा खर्च वाचतो. तुमचा इंट्रो त्यांच्याकडेही असू द्या.

साखळीहून
कार्यशाळेनंतर दोन दिवसांत एकच मेसेज करा: कार्यशाळेचं नाव, तुम्ही केलेला सीन, इंट्रोची लिंक. पुढचा मेसेज नवीन काही दाखवायला असेल तेव्हाच. रोज 'सर, काही काम?' विचारणाऱ्याचा नंबर म्यूट होतो.

आणि तारखा. जत्रेच्या नाटकाला शब्द दिला असेल तर तो ऑडिशनलाच, कॅमेऱ्यावर सांगा. निवड झाल्यावर सांगितलंत तर त्यांना पुन्हा माणूस शोधावा लागतो, आणि पुढच्या वेळी गोव्यातल्या दुसऱ्या नटालाही आधी तारखांवरूनच प्रश्न पडतात.