प्राप्तिकराची जुनी मागणी आणि गोठवलेले संयुक्त खाते: वकील करावा की सीए?

हडपसरकर:

माझे मेहुणे मार्केट यार्डातून भाजी घेऊन हडपसर भागात किरकोळ विक्री करतात. २०१८-१९ या आर्थिक वर्षात विक्रीची रोख रक्कम ते अधूनमधून बचत खात्यात भरत गेले आणि वर्षअखेर ती १२ लाख ४० हजार रुपये झाली. नफा करमुक्त मर्यादेच्या आत असल्यामुळे त्या वर्षाचे विवरणपत्र त्यांनी भरले नाही. पुढे प्राप्तिकर खात्याने कलम १४८ खाली (जुन्या वर्षाचे प्रकरण पुन्हा उघडण्याची) नोटीस काढली, परंतु पूर्वी एकदा मुद्रा कर्जासाठी विवरणपत्र भरताना प्राप्तिकराच्या पोर्टलवर एका करसल्लागाराचा ईमेल नोंदवला गेला होता, त्यामुळे सगळ्या नोटिसा तिकडे गेल्या आणि त्यांनी आम्हाला काहीच कळवले नाही. मार्च २०२४ मध्ये एकतर्फी आदेश झाला. सगळी रोख रक्कम कलम ६९अ खाली, म्हणजे स्रोत न सांगितलेला पैसा म्हणून, उत्पन्न धरली गेली असून व्याजासह मागणी २१ लाखांच्या आसपास आहे, म्हणजे भरलेल्या रकमेपेक्षाही जास्त!

बँकेने खाते गोठवले तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. खाते ताईच्या आणि मेहुण्यांच्या संयुक्त नावावर आहे आणि ताईचा शाळेतील पगार त्यातच जमा होतो. दरम्यान एका गृहस्थाने 'वीस टक्क्यांत सेटलमेंट करून देतो' असे सांगून आगाऊ रक्कम मागितली आहे. या कामासाठी वकील गाठावा की सीए, आणि सुरुवात कोठून करावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

करविधिज्ञ (शिवाजीनगर):

त्या गृहस्थांना कृपया एक रुपयाही देऊ नये. मूळ कराची रक्कम घासाघीस करून कमी करण्याचा अधिकार कोणत्याही कर निर्धारण अधिकाऱ्याला नाही. प्राप्तिकर समझोता आयोग फेब्रुवारी २०२१ पासून बंद झाला आहे आणि करविवाद मिटवण्याच्या २०२४ च्या 'विवाद से विश्वास' योजनेत घोषणापत्र देण्याची मुदत ३० एप्रिल २०२५ रोजी संपली. आता मागणी कमी होण्याचा मार्ग आदेशाला आव्हान देण्यातूनच जातो, आणि आपल्या प्रकरणात त्याला चांगला आधार दिसतो.

मागणी एवढी का फुगली, हे आधी समजून घ्यावे. कलम ६९अ खाली रक्कम धरली की कलम ११५बीबीई लागते: ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ७८ टक्के. केवळ कर ९ लाख ६७ हजारांच्या पुढे जातो आणि त्यावर कलम २३४अ व २३४ब यांचे पाच वर्षांचे व्याज चढते. हीच रक्कम भाजीविक्रीची जमा आहे हे सिद्ध झाले, तर कलम ४४एडी (छोट्या व्यावसायिकांचे अंदाजित उत्पन्न) प्रमाणे रोख विक्रीवर ८ टक्के दराने उत्पन्न सुमारे ९९ हजार येते, आणि त्या वर्षी करमुक्त मर्यादा अडीच लाखांची होती. सारा वाद या एका मुद्द्याचा आहे, त्यामुळे आडत्यांची खरेदीची बिले, हमाली-तोलाईच्या पावत्या, विक्रीचा परवाना आणि संपूर्ण वर्षाचे खातेउतारे आजपासूनच गोळा करावेत.

आदेशाविरुद्धचे अपील प्राप्तिकर आयुक्त (अपील) यांच्याकडे नमुना ३५ मध्ये ऑनलाइन करावे लागते. मुदत ३० दिवसांची असली, तरी नोटिसा परक्या ईमेलवर गेल्या हे कारण प्रतिज्ञापत्रासह मांडून विलंब माफीची विनंती करता येते. विवरणपत्र भरलेले नसल्यामुळे कलम २४९(४) ची अट आडवी येते: स्वतःच्या हिशेबाने जेवढा आगाऊ कर निघतो तेवढा भरल्याशिवाय अपील दाखल करून घेतले जात नाही. मेहुण्यांचे त्या वर्षीचे एकूण उत्पन्न मर्यादेत असेल तर आगाऊ कर निघत नाही, मात्र ते अर्जात स्पष्ट लिहावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून कलम १४४ खालील (एकतर्फी) आदेश रद्द करून प्रकरण नव्या निर्धारणासाठी अधिकाऱ्याकडे परत पाठवण्याचा अधिकार आयुक्तांना मिळाला आहे. ज्यांचे म्हणणे ऐकलेच गेले नाही, त्यांच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे.

अपील दाखल होताच कलम २२०(६) खाली वसुलीला स्थगितीचा अर्ज द्यावा. हा क्रम उलटा करू नये, कारण अपिलाशिवाय तो अर्ज उभा राहत नाही.

हडपसरकर:

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. स्थगितीसाठी मागणीच्या २० टक्के, म्हणजे सव्वाचार लाख भरावेच लागतात, असे बँकेतील एकाने सांगितले. तेवढी रक्कम आमच्याकडे नाही. ताईच्या पगाराचे काय होईल?

सीए (कोथरूड):

२० टक्के ही कायद्यातील अट नाही. ती केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ३१ जुलै २०१७ च्या कार्यालयीन ज्ञापनातून आली आहे आणि त्याहून कमी रकमेवर स्थगिती देण्यास अधिकारी मोकळे आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एलजी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. अर्जात कुटुंबाची आर्थिक स्थिती कागदपत्रांसह मांडावी. कलम २२०(३) खाली हप्तेही मागता येतात, परंतु स्थगिती मिळो वा हप्ते, मागणी टिकली तर कलम २२०(२) चे दरमहा १ टक्का व्याज चालूच राहते.

संयुक्त खात्याबाबत कलम २२६(३) असे सांगते की, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खातेदारांचे हिस्से समान मानावेत. म्हणून ताईंनी वेतनपत्रके आणि पगाराच्या नोंदी असलेला उतारा जोडून अधिकाऱ्यांकडे स्वतःच्या नावाने वेगळा अर्ज करावा, त्याची पोच घ्यावी आणि यापुढील पगारासाठी शाळेला नवे एकल खाते कळवावे. नेमका हाच अर्ज बहुतेक जण करत नाहीत.

वकील की सीए, तर आयुक्तांपुढे आणि त्यावरच्या प्राप्तिकर अपीलीय न्यायाधिकरणापुढे दोघेही उभे राहू शकतात, आणि न्यायाधिकरणाचे खंडपीठ पुण्यातच आहे. स्थगिती नाकारली जाऊन उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागली तर मात्र वकीलच हवा, आणि पुणे जिल्ह्यासाठी त्याकरिता मुंबईलाच जावे लागते.

मार्केट यार्डातील एक व्यापारी:

वरील दोन्ही सल्ल्यांत थोडी व्यवहाराची भर घालतो. कोणालाही काम देण्यापूर्वी पोर्टलवरील ईमेल आणि मोबाइल क्रमांक मेहुण्यांचा स्वतःचा करून पासवर्ड बदलावा, आणि शुल्क अपील, स्थगिती व सुनावणी यांसाठी वेगवेगळे लेखी ठरवून घ्यावे. कलम २७१एएसी खाली दंडाचा वेगळा आदेश झाला आहे का, हेही पोर्टलवर पाहावे, कारण त्याला स्वतंत्र अपील लागते आणि बऱ्याचदा ते राहून जाते. हातात आलेल्या प्रत्येक पत्रावरील डीआयएन (दस्तऐवज ओळख) क्रमांक पोर्टलवर तपासता येतो. सेटलमेंटवाल्या गृहस्थांनी एखादे पत्र दाखवले असेल, तर तपासणीची सुरुवात त्याच पत्रापासून करावी.

शुल्क परवडत नसेल, तर शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे ताईंच्या नावाने अर्ज करून पाहावा, कारण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार विनामूल्य सहाय्यासाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. मेहुण्यांच्या अपिलासाठी मात्र त्यांची स्वतःची पात्रता पाहिली जाईल.