दादाच्या डोक्याला मार लागल्यापासून तो नुसता बसून असतो. बेळगाव-खानापूरकडे कुणाला दाखवावं? (बजेट महिना १५००)

खानापूरची_धाकटी:
दीड वर्षापूर्वी दादा (३१) गाडीवरून पडला. मार कपाळामागे. हातपाय, बोलणं, आठवण सगळं ठीक. पण जेवायला हाक मारली नाही तर संध्याकाळपर्यंत उपाशी. रडत नाही, चिडत नाही. माझं लग्न ठरलं, तर "बरं" एवढंच. बाबा म्हणतात, आळशी झाला. मराठी कळणारे डॉक्टर सुचवा. औषधासकट १५०० च्या वर जमणार नाही.

निपाणीकर७७:
सरळ बंगळूर, निम्हान्स. मेंदू-मनाच्या आजारांचं मोठं इस्पितळ. काकांना नेलं होतं. गाडी, खोली, जेवण धरून ४० हजार गेले, पण समाधान! पैशाकडे बघू नका.

चिक्कोडी_पैलवान:
निम्हान्सच. आणि व्यायामाला लावा. मलाही ८ टाके पडले होते, तिसऱ्या दिवशी उसात होतो.

टिळकवाडीची_वहिनी:
टाके कातडीला पडतात हो पैलवान, मेंदूला नाही.
माझ्या बहिणीला स्किझोफ्रेनिया. कानात आवाज येणं, संशय घेणं गोळ्यांनी थांबलं. सगळे म्हणाले, बरी झाली. पण वेणी घालेना, बोलेना, चेहरा कोरा. डॉक्टर म्हणाले, ही 'नकारात्मक लक्षणं'. मला वाटलं वाईट विचार करते. तसं नव्हे, माणसात असायला हवं ते वजा झालेलं असतं. इच्छा, बोलणं, हौस. गोळ्या यावर फारशा चालत नाहीत. कधी तर गोळ्यांनीच माणूस ताठ आणि सुस्त होतो. हिचा डोस डॉक्टरांनी बदलला आणि थोडी हलली. दादाला काय चालू आहे ते दाखवून घ्या, आपल्या मनाने बंद करू नका.

मच्छेचा_पोरगा:
धारवाडला डिम्हान्स, तसलंच इस्पितळ, सरकारी हाय की! बंगळूर कशाला करूलालैसा?

निपाणीकर७७:
तिथे मराठी कोण बोलतं?

मच्छेचा_पोरगा:
मी बोललो की. डॉक्टर निम्मं कन्नड, निम्मं हिंदी. आजाराला भाषा लागत नाही वो.

टिळकवाडीची_वहिनी:
याच आजाराला लागते. मुळात बोलत नाही तो परक्या भाषेत काय बोलणार?

प्रवासी_लोंढा:
खानापूरहून रेल्वेने जा, लोंढा-अळणावर-धारवाड. बसने कंबर जाते.

मच्छेचा_पोरगा:
रेल्वेच्या वेळा बघितलास काय?

वडगावचा_विणकर:
विषय कुठे गेला. वडिलांना असाच मार होता. मागावर बसवलं की हात चालायचे, आपणहून बसायचे नाहीत. काम येतं, सुरुवात होत नाही. डॉक्टर म्हणाले, सुरुवात करून देणारा भाग मेंदूत पुढेच, कपाळामागे असतो. उदास माणूस आतून कुढतो, यांना वाईटसुद्धा वाटत नव्हतं. तरी उदासी नाही ना हे तपासून घ्याच, तिला औषध आहे.
"अंघोळ करता का?" विचारलं की "नको". मग पाणी काढून, टॉवेल हातात देऊन "चला" म्हणायला लागलो. मोबाइलला गजर लावले, एका गजराला एकच काम. त्याआधी वर्षभर नुसता ओरडलो, ते आठवलं की अजून लाज वाटते. टेलि-मानस या मनाच्या आजारांच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे.

चिक्कोडी_पैलवान:
मीही तेच म्हटलं, कामाला लावा.

खानापूरची_धाकटी:
वहिनी, विणकरदादा, आभार. वरचं बाबांना वाचून दाखवलं, गप्प बसले. १४४१६ लावते. पण बंगळूर नाही आणि धारवाडही सध्या नाही. महिनाभर कणकुंबीला मामांकडे धाडतोय. मामा काही विचारत नाहीत, धारेची बादली हातात देतात.

निपाणीकर७७:
शेवटी निम्हान्सलाच याल.

प्रवासी_लोंढा:
कणकुंबीला आत्ता? छत्री टिकायची नाही, घोंगडं द्या.